जांभळी ओळ

मी शिक्का बोलतोय. रबरी शिक्का. सरकारी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. गेली अकरा वर्षं लोक मला सरकारी समजत आले आणि मीही तोंड मिटून तो मान खात आलो. माझ्या अंगावर ना कुठली मुद्रा आहे, ना कुठल्या खात्याचं नाव. लाकडाची एक मूठ, तिच्या टोकाला चपटा ठोकळा, त्याला चिकटवलेली बोटभर रबराची पट्टी आणि त्या पट्टीवर उलट्या अक्षरांत कोरलेली एकच ओळ: 'पती / वडील यांची संमती आहे. सही ............'

बस्स. एवढ्या एका ओळीच्या बळावर मी अकरा वर्षं बायकांच्या पोटावर राज्य केलं. राज्य करायला अक्कल लागते म्हणतात. मला ती नाही. मला उचलणाऱ्यांनाही नव्हती, हे मला जरा उशिरा कळलं.

माझा जन्म एका फुटक्या काचेमुळे झाला. ज्या रुग्णालयात मी राहतो, तिथं नोंदणीची एक खिडकी आहे. अकरा वर्षांपूर्वी एक माणूस त्या खिडकीवर आला. त्याच्या बायकोनं आठवड्याभरापूर्वी पुन्हा मूल होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया करून घेतली होती. स्वतःच्या पायांनी येऊन, स्वतःच्या सहीनं. मला का विचारलं नाही, असं म्हणून त्या माणसानं मूठ घालून खिडकीची काच फोडली. काच फोडणं हा गुन्हा आहे आणि स्वतःच्या शरीरावर शस्त्रक्रिया करून घेणं हा नाही, एवढं सांगायला कुणी तरी पुढं यायला हवं होतं. ते काम कार्यालयाच्या मोठ्या साहेबांचं होतं. साहेब त्या वेळी फायलींच्या कपाटामागे उभे होते.

माणूस निघून गेल्यावर साहेब बाहेर आले, मानेचा घाम पुसला आणि जेवणाच्या सुट्टीत चौकातल्या शिक्केवाल्याकडे गेले. शिक्केवाल्यानं ओळ लिहून घेतली आणि विचारलं, 'पती'च्या पुढं जागा आहे, 'पत्नी'ही टाकू का? साहेब हसले म्हणे. पत्नीची सही कशाला लागते?

ही हकिकत साहेब पुढं कितीदा तरी चहाच्या वेळी रंगवून सांगायचे. आपण कसा कायमचा बंदोबस्त केला, वगैरे. कपाटाचा भाग तेवढा ते गाळत. तो मला वहिनीकडून कळला.

वहिनी म्हणजे खिडकीमागे बसणारी बाई. सगळं रुग्णालय तिला वहिनीच म्हणतं, डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत. वय पंचावन्नच्या पुढं, चष्म्याला दोरी, आणि बोलण्यात 'आमच्या वेळी' हे दोन शब्द दर तिसऱ्या वाक्याला. मला उचलायचं काम तिचं. आधी शाईच्या पॅडवर दाबायची, मग फॉर्मच्या तळाशी ठप्प. हात इतका सरावलेला, की माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. त्यामुळे मी नेहमी थोडा तिरका उमटायचो. त्यात टेबलाचा एक पाय तोकडा. त्याखाली घडी करून घातलेला कागद दर आठवड्याला निसटायचा आणि टेबल डुगडुगायचं. बायकांच्या सह्या त्या टेबलावर वाकड्या यायच्या. वहिनी म्हणायची, हात कापतो हो बायकांचा, घाबरतात. हात कापत नव्हता. टेबल हलत होतं.

छापील फॉर्म सगळ्यांना एकच असतो, हे लक्षात ठेवा. बाई असो, बुवा असो. वर नाव, वय, पत्ता, मध्ये काय करायचं आहे ते, खाली 'रुग्णाची सही'. सगळं काळ्या शाईत. त्या सहीच्या खाली चार बोटं मोकळी जागा आहे. ती जागा छापखान्यानं का सोडली, देव जाणे. साहेबांनी तिथं मला बसवलं, जांभळ्या शाईत. वहिनीच्या डाव्या हाताला बायकांचे फॉर्म, मारलेले. उजव्या हाताला पुरुषांचे, कोरे. मी उजवीकडे कधी गेलोच नाही.

एकदा एक माणूस नसबंदी करून घ्यायला आला होता. एकटाच. वहिनीनं त्याला एकच प्रश्न विचारला, जेवून आलात का? त्यानं सही केली, आत गेला, दुपारी बाहेर आला, बाकावर बसून दोन बिस्किटं खाल्ली आणि घरी गेला. बायकोला विचारलं का, असं त्याला कुणी म्हणालं नाही. म्हणायलाही नको होतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याच कामासाठी आलेल्या चार बायकांना वहिनीनं परत पाठवलं. चौघींचे नवरे कामावर होते.

सह्या मी पुष्कळ पाहिल्या. नवऱ्यांच्या सह्यांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. बहुतेक जण फोन कानाशी धरून विचारायचे, कुठं करू? आणि वहिनी बोट ठेवेल तिथं करायचे. वर काय लिहिलंय ते वाचणारे अकरा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येतील. बायकोचं नेमकं काय कापणार आहेत हे न वाचता सही ठोकायची आणि सहीखाली दोन टिंबं द्यायची, जणू काही मोठं राजपत्र काढलंय. या सह्यांसाठी बायका दिवसचे दिवस थांबायच्या.

एक शाळेतली बाई आली होती. पन्नाशीची, विधवा. गर्भाची पिशवी काढायची होती, रक्तस्राव थांबत नव्हता. नवरा नाही, वडील नाहीत. आता काय करायचं? वहिनीनं विचार केला आणि म्हणाली, मुलगा असेल ना? मुलगा होता. कॉलेजात पहिल्या वर्षाला. कानातले इअरफोन न काढता आला, सही केली आणि गेला. ज्या पिशवीत तो नऊ महिने राहिला होता, ती काढायला त्यानं परवानगी दिली. त्या बाईनं मुलांच्या वह्यांवर आयुष्यभर सह्या केल्या असतील. त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी ठप्प उमटलो. मला लाज वाटली असं मी म्हणणार नाही. रबराला लाज नसते. ती ज्यांना असायला हवी होती त्या माणसांना नव्हती, म्हणून माझं नाव पुढं करू नका.

वहिनीला मी कठोर म्हणत नाही. कठोर माणसाकडे निदान काही मत असतं. वहिनीकडे फक्त सवय होती. तिच्या स्वतःच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची शस्त्रक्रिया व्हायची होती. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, आणि त्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही अशी घरची रीत. तो यायला तीन महिने लागले आणि त्या तीन महिन्यांत तिला तिसऱ्यांदा दिवस गेले. हे ती स्वतःच सांगायची, फॉर्म पुढं सरकवता सरकवता. आणि शेवटी म्हणायची, मी नाही का थांबले? आपल्या पायात काटा मोडला म्हणून पुढच्या प्रत्येकीच्या वाटेत तोच काटा नीट उभा करून ठेवायचा, आणि याला म्हणायचं शिस्त. थोरामोठ्यांचं हे शहाणपण मला कधी कळलं नाही. मी लाकूड आहे म्हणून असेल.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

खिडकीवर एक बाई आली. वय बत्तीस-तेहतीस. बाजाराच्या तोंडाशी तिचं किल्ल्या बनवायचं छोटं दुकान, म्हणून सगळे तिला किल्लीवाली म्हणत. तिच्या बोटांच्या टोकांना पितळेची बारीक पूड होती. फॉर्म हातात घेतल्यावर कडांना सोनेरी डाग पडले, म्हणून मी तिला ओळखायला शिकलो. दोन मुलं, थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहिलं होतं: आठ आठवडे. या रुग्णालयात गर्भपात बारा आठवड्यांच्या आत करतात, त्यानंतर नाही.

वहिनीनं विचारलं, कारण काय लिहू?

"मला नको आहे," किल्लीवाली म्हणाली.

नको आहे हे काय कारण झालं, वहिनीनं समजावलं. तब्येत, पैसा, काही तरी सांग. किल्लीवालीनं जरा विचार केला आणि सांगितलं, की तब्येत उत्तम आहे, दुकान बरं चाललंय आणि तिला तिसरं मूल नको आहे. वहिनीनं सुस्कारा सोडून 'वैयक्तिक' असं लिहिलं आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं. इथं नवऱ्याची सही लागते. घेऊन ये.

माझ्या शेजारी तारखेचा शिक्का असतो. रोज सकाळी त्याचा आकडा फिरवतात. एरवी तो गर्विष्ठ, आपण तेवढे रोज नवे, असं मिरवणारा. पण त्या दिवशी तिच्या केसपेपरवर उमटला आणि मला हळूच म्हणाला, चार आठवडे आहेत तिच्याकडे.

दहा दिवसांनी ती परत आली, नवऱ्याला घेऊन. माणूस दिसायला साधा, बोलायला गोड. खुर्ची ओढून बसला, वहिनीची चौकशी केली, साहेबांना नमस्कार केला. सही करायची म्हटल्यावर त्यानं पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

"करतो की सही. माझं काय जातंय? आधी हिनं दुकानाचं कुलूप लावून चावी माझ्या हातात ठेवावी. दिवसभर परक्या माणसांची कुलपं उघडत बसायचं, हे काय बाईचं काम आहे?"

साहेब हसले. वहिनीही हसली, पदराआड. नवरा त्यांच्याबरोबर हसला. किल्लीवाली हसली नाही, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू तिलाच विनोद कळत नाही.

असा होता सौदा. त्याला मूल हवंच होतं असं नव्हे. मुलाविषयी तो अवाक्षर बोलला नाही. त्याला दुकान बंद व्हायला हवं होतं. आठ वर्षं तो ते सांगत होता आणि ती ऐकत नव्हती. आता त्याच्या हातात कुणी तरी एक हत्यार आयतं आणून दिलं होतं. कुणी? मी. लाकडाची मूठ आणि बोटभर रबर.

किल्लीवालीनं साहेबांना विचारलं, हा नियम कुठं लिहिलेला आहे, मला दाखवाल का? साहेबांना हा प्रश्न उद्धट वाटला. वरून आलाय, ते म्हणाले. वरचे नियम दाखवायचे नसतात, पाळायचे असतात. घरातलं घरात मिटवा.

ती उठली. जाण्याआधी तिनं फॉर्म उजेडाकडे धरला आणि माझ्या ओळीवरून अंगठा फिरवला. शाई थोडी पसरली. तिनं अंगठ्याकडे पाहिलं. जांभळा झाला होता.

तारखेचा शिक्का रोज सकाळी एक दिवस पुढं सरकत होता. पहिल्यांदाच मला त्याचा राग आला. एखादा दिवस गाळ की, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, मला फिरवतात तसा मी फिरतो. तू तरी वेगळं काय करतोस?

आणि मग साहेबांना हर्निया झाला.

झाला म्हणजे होताच, वाढला. शस्त्रक्रिया ठरली, याच रुग्णालयात. साहेब पंधरा दिवस रजेवर जाणार. आपण नसताना शिस्त ढासळेल ही त्यांना मोठी काळजी. आदल्या दिवशी जाता जाता त्यांनी खिडकीत डोकावून वहिनीला हुकूम केला, थोडं पुढचं बघून काम करा, फॉर्मचे दोन्ही गठ्ठे आजच मारून ठेवा. नंतर गडबडीत कुणी विसरायला नको.

दोन्ही म्हणजे डावा आणि उजवा का, असं विचारायला हवं होतं. पण वहिनीनं तीस वर्षांत साहेबाला उलट प्रश्न विचारला नव्हता. चार वाजेपर्यंत बसून तिनं दोन्ही गठ्ठे मारले. ठप्प, ठप्प, ठप्प. आयुष्यात पहिल्यांदा मी उजवीकडे गेलो. कागद तोच होता. शाई तशीच बसली. पुरुषांच्या फॉर्मवर मी बायकांच्या फॉर्मइतकाच तिरका उमटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. ढगळ लेंगा, हातात पिशवी, पोटावर हात. मागून त्यांच्या बाई, थर्मास घेऊन. खिडकीपाशी किल्लीवाली उभी होती. तिला अकरा आठवडे पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. ती एकटीच आली होती. साहेबांनी तिच्या खांद्यावरून हात घालून खिडकीवर टकटक केलं. घरचाच माणूस, रांग कसली?

वहिनीनं अदबीनं उजव्या गठ्ठ्यातला वरचा फॉर्म त्यांना दिला आणि डाव्या गठ्ठ्यातला किल्लीवालीला. साहेबांनी चष्मा लावला. दुसऱ्यांचे फॉर्म त्यांनी कधी वाचले नव्हते, स्वतःचा मात्र अक्षर न् अक्षर वाचला. आणि तळाशी येऊन थांबले.

"ही ओळ इथं कशी?"

"तुम्हीच म्हणालात ना, दोन्ही गठ्ठे," वहिनी म्हणाली.

कोरा द्या, साहेब म्हणाले. कोरा एकही नव्हता. नवे फॉर्म छापखान्यातून यायला आठवडा होता. साहेब उपाशीपोटी, आतून कळ येत होती, आत डॉक्टर वाट बघत होते, आणि हातातल्या कागदावर लिहिलं होतं, की त्यांच्या पतीची किंवा वडिलांची संमती हवी. वडील जाऊन वीस वर्षं झालेली. रांगेतलं कुणी तरी खुदकन हसलं.

तेव्हा बाकावरून साहेबांच्या बाई बोलल्या. त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"एवढंच ना? मग मी करते सही. पती नाही तर पत्नी, घ्या चालवून."

"तू कशाला मध्ये येतेस?" साहेब वळून म्हणाले. "पोट माझं आहे. माझ्या पोटासाठी मला कुणाची परवानगी लागते?"

बाकांवर बसलेल्या बायका साहेबांकडे बघत होत्या. आपण काय बोललो ते साहेबांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घाईघाईनं पेन काढलं, पट्टी मागितली, माझ्या ओळीवर दोन सरळ रेघा ओढल्या, बाजूला 'लागू नाही' लिहिलं आणि खाली झोकात सही केली. अकरा वर्षं जी ओळ वरून आलेली होती, ती खोडायला त्यांना तेवढाच वेळ लागला.

"पट्टी देता?" किल्लीवाली म्हणाली.

तिनं साहेबांचा फॉर्म समोर ठेवला आणि बघून बघून, जशी एका किल्लीवरून दुसरी किल्ली काढतात तशी, आपल्या फॉर्मवर दोन रेघा ओढल्या. 'लागू नाही' लिहिलं. वर आपली सही केली. टेबल डुगडुगलं तेव्हा तिनं ते डाव्या कोपरानं दाबून धरलं, म्हणून तिची सही सरळ आली.

तुमचं वेगळं आहे, साहेब म्हणाले. काय वेगळं आहे, तिनं विचारलं. बायकांचं वेगळं असतं, साहेब म्हणाले. तिनं दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडाला धरले.

"काळं सगळं सारखं आहे, साहेब. खाच न् खाच जुळते. जांभळं तेवढं वरून मारलेलं आहे, आणि तेही तिरकं. मागच्या वेळी माझ्या अंगठ्याला लागलं होतं. छापलेलं अंगठ्याला लागत नाही. हे कुणी मारलं?"

साहेबांना न्यायला डॉक्टरीणबाई स्वतःच बाहेर आल्या होत्या. किल्लीवालीला तपासणाऱ्या त्याच. त्यांनी दोन्ही फॉर्म घेतले आणि वाचले. या बाईंविषयी मला जरा जास्तच राग आहे. शिकलेली बाई, अकरा वर्षं माझी ओळ पाहत होती, आणि एकदाही तिनं विचारलं नाही की हे आलं कुठून. बायका परत जायच्या तेव्हा ती मान हलवायची, वाईट वाटल्यासारखी. वाईट वाटायला काय लागतं?

पण त्या दिवशी तिनं विचारलं. साहेब म्हणाले, वरून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरून म्हणजे कुठून? साहेबांनी खरोखरच वर पाहिलं. वर पंखा होता.

"चौकातल्या शिक्केवाल्याकडून," वहिनी म्हणाली.

ती कुणाकडे बघून बोलली नाही. चष्मा पुसत होती. पण तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून साहेबांच्या विरुद्ध जाणारं एक वाक्य बाहेर पडलं, आणि ते नेमकं हे होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद एकाच टाचणीला लावले.

"दोन्ही घेते, नाही तर दोन्ही परत. बोला."

साहेबांच्या पोटात कळ आली असावी. त्यांनी मान हलवली. घ्या, म्हणाले.

असा संपला नियम. बघा, किती स्वस्तात संपला. अकरा वर्षं बायका या खिडकीवर रडल्या, भांडल्या, हात जोडून उभ्या राहिल्या, सासूला, दिराला, पोरग्याला धरून आणत राहिल्या. त्यांच्यातल्या कितीजणींची मुदत टळली आणि त्यांचं पुढं काय झालं, हे तारखेच्या शिक्क्याला ठाऊक आहे, तो सांगत नाही. तेव्हा पंख्याचं पातंही हललं नाही. आणि एका पुरुषाच्या पोटात कळ आली, तर अर्ध्या तासात निकाल. साहेबांना त्या दिवशी जे दोन मिनिटं सहन झालं नाही, ते त्यांनी मला हातात धरून हजारो बायकांना सहन करायला लावलं होतं. साहेबांना शहाणपण सुचलं, असं कृपा करून म्हणू नका. त्यांना फक्त घाई होती.

किल्लीवालीचं काम दोन दिवसांनी झालं. मुदतीच्या आत. मी ते पाहिलं नाही, तारखेच्या शिक्क्यानं तिच्या केसपेपरवर उमटून आल्यावर सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ती तपासणीला आली. बोटांना तीच पितळेची पूड. वहिनीनं इकडंतिकडं बघत विचारलं, दुकान? चालू आहे, ती म्हणाली. आणि नवरा काय म्हणाला? किल्लीवाली म्हणाली, अजून काही म्हणाला नाही. रोज विचारतो, सही कधी हवी? आणि दुकानाच्या चावीसाठी हात पुढं करतो. कशी आहेस, हे एकदाही विचारलं असतं, तर कळलं असतं त्याला.

वहिनी यावर हसली नाही. मग म्हणाली, माझी तिसरी मुलगी आता तुझ्या वयाची आहे. एवढंच. पुढं काय म्हणायचं होतं ते तिला जुळवता आलं नाही. मला वाटतं, इतक्या वर्षांनी ते जुळणारही नाही.

फॉर्मवर सही करताना टेबल पुन्हा डुगडुगलं. किल्लीवाली वाकून बघू लागली. तोकड्या पायाखालचा कागद निसटला होता. तिनं बोटांनी फट मोजली. मग टेबलावर नजर फिरवली, मला उचललं, मूठ फिरवून ती सहज बाहेर काढली आणि खालच्या लाकडाची जाडी डोळ्यांनी मापली. एक डोळा मिटून, जसं किल्लीचं माप घेतात. बरोबर बसेल, म्हणाली. वहिनी त्या वेळी खिडकीबाहेर काही तरी बघत होती. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

तेव्हापासून मी इथं आहे. टेबलाच्या पायाखाली, रबर खाली, तोंड फरशीला. टेबल आता हलत नाही. बायकांच्या सह्या सरळ येतात, असं वरून कानावर पडतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या तरी उपयोगी पडतोय. आता मला चेहरे दिसत नाहीत, फक्त पाय दिसतात. काही बायका अजूनही नवऱ्याला घेऊन येतात. आनंदानं यावं, सोबत चांगलीच असते. पण पुष्कळदा खिडकीसमोर चपलांचा एकच जोड येऊन उभा राहतो, थोडा वेळ थांबतो आणि आत जातो. परत फिरत नाही.

साहेब बरे होऊन आले. पहिल्याच दिवशी खण उपसले. तो शिक्का कुठं गेला? वहिनी म्हणाली, माहीत नाही. नवा बनवून आणा, साहेब म्हणाले. ते टेबलावर हात टेकून उभे होते, माझ्या डोक्यावर.

तुम्हा वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे, आणि ती मी हात जोडून करणार नाही. तुमच्या घरातही माझे भाऊबंद आहेत. त्यांना लाकडाची मूठ नसते, म्हणून ते दिसत नाहीत. कुणाला विचारून केस कापलेस, कुणाला विचारून पाळणा थांबवलास, अगं, त्याला सांगितलंस का. हे सगळं छापलेलं आहे असं तुम्हाला वाटतं. एकदा अंगठा फिरवून बघा. जांभळा झाला, तर ते कुणी तरी घाबरटानं जेवणाच्या सुट्टीत जाऊन बनवून आणलेलं आहे, हे ओळखा. आणि फेकून देऊ नका. घरात कुठं ना कुठं काही तरी डुगडुगत असेलच.

मला मात्र इथून काढू नका. साहेब रोज वहिनीला नव्या शिक्क्याची आठवण करून देतात. वहिनी आता प्रत्येक वेळी तेच सांगते, की आणते साहेब, लगेच आणते, तेवढा कागदावर हुकूम लिहून द्या, कुठल्या नियमाखाली ते लिहा आणि खाली सही करा.

सही अजून आलेली नाही.